साताऱ्याचे दप्तर आणि इडनची शेती

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर बॅन्फ नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावाच्या परिसरातून डेव्हरन नदी वाहते आणि तिच्या काठी इडन नावाची जुनी जहागीर होती. या जहागिरीचा मालक २३ सप्टेंबर १८५८ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी वारला. आयुष्याची अखेरची तीन दशके त्याने जमिनीची मशागत आणि मालमत्तेची सुधारणा करण्यात घालविली होती. मात्र या जमीनदाराने बत्तीस वर्षांपूर्वी तीन खंडांचा एक ग्रंथ लिहिला होता, आणि त्या ग्रंथाशी भांडत-भांडतच पुढे मराठ्यांच्या इतिहाससंशोधनाचा सगळा संसार उभा राहिला. जेम्स कनिंगहॅम ग्रँट डफ हे त्याचे नाव. तो गेल्यावर सहा आठवड्यांच्या आत, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, ज्या कंपनीच्या चाकरीत त्याने सातारा सांभाळला तिचा हिंदुस्थानातील कारभारही संपला.

ग्रँट डफ हे नाव आपल्याकडे बहुधा टीकेच्या संदर्भातच घेतले जाते. आमच्या आजोबांच्या पिढीने त्याची बखर शाळेत वाचली, वडिलांच्या पिढीने राजवाडे-सरदेसाई वाचून तिला नावे ठेवली, आणि आमच्या पिढीने दोन्ही न वाचता नावे ठेवण्याची प्रथा तेवढी पुढे चालविली. प्रस्तुत लेखकही त्या प्रथेतून सुटलेला नव्हता. परंतु मूळ ग्रंथ सावकाश वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. हा ग्रंथ लिहिणारा मनुष्य प्रथमतः जमिनीचे हक्क तपासणारा कारभारी होता आणि शेवटी स्वतः जमीन कसविणारा मालक झाला. या दोहोंच्या मध्ये तो इतिहासकार होता. त्याच्या ग्रंथाचे बळ आणि त्याचे दौर्बल्य ही दोन्ही याच एका गोष्टीतून निघाली आहेत, असे मला वाटते.

त्याच्या पूर्वायुष्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. ८ जुलै १७८९ रोजी बॅन्फ येथे त्याचा जन्म झाला. वडिलांचे आडनाव ग्रँट. आई इडनच्या डफ घराण्यातील. वडील लवकर वारल्यामुळे आई मुलांना घेऊन ॲबर्डीनला गेली व तेथील मॅरिशल कॉलेजात त्याचे थोडेबहुत शिक्षण झाले. कंपनीच्या मुलकी खात्यात शिरकाव होण्याची वाट पाहण्याइतका धीर त्याच्यापाशी नव्हता. १८०५ साली लष्करी उमेदवारी मिळताच ती पत्करून तो मुंबईस आला. १८०८ साली काठेवाडाकडील मालिया या गढीवरील हल्ल्यात त्याने नाव मिळविले. फारसी तो बऱ्यापैकी शिकला आणि पलटणीत दुभाष्याचे काम करू लागला. त्याच्या आयुष्याला खरे वळण लागले ते पुण्यास, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या हाताखाली.

एल्फिन्स्टन १८११ पासून पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. ग्रंथांची अतोनात आवड असलेला, हाताखालच्या तरुणांना वाचावयास आणि लिहावयास लावणारा असा हा विलक्षण मनुष्य. ग्रँट आणि पॉटिंजर हे त्याचे साहाय्यक. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली त्या दिवशी संगमावरील रेसिडेन्सी पेशव्यांच्या फौजेने जाळली आणि तीत एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह व कागदपत्रे भस्म झाली. कागद जाळल्याचा आरोप पुढे खुद्द ग्रँटवरच यावयाचा होता. असे असता त्याच्या मराठी राजकारणातील अनुभवाचा आरंभ जळालेल्या दप्तराने व्हावा, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे.

फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. २० फेब्रुवारीस आष्टीच्या लढाईत बापू गोखले कामास आले आणि बाजीरावाने आपल्याबरोबर फिरविलेले प्रतापसिंह महाराज व त्यांचे कुटुंब इंग्रजांच्या ताब्यात आले. छत्रपतींची गादी साताऱ्यास पुन्हा स्थापावयाची, परंतु सत्ता मात्र कंपनीच्या मर्जीने चालवावयाची, असा एल्फिन्स्टनचा बेत होता. तो अंमलात आणण्यासाठी त्याने निवडलेला माणूस म्हणजे कॅप्टन ग्रँट. त्या वेळी ग्रँटचे वय अठ्ठावीस, महाराजांचे पंचवीस. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने राज्याच्या सीमा ठरल्या : उत्तरेस नीरा व भीमा, दक्षिणेस कृष्णा व वारणा, पश्चिमेस सह्याद्री आणि पूर्वेकडे पंढरपूर-विजापूरचा मुलूख. एप्रिल १८२२ मध्ये राज्यकारभार महाराजांच्या हाती सोपविण्यात आला. तोपर्यंतची चार वर्षे या सगळ्या टापूचा कारभार प्रत्यक्षात ग्रँट पाहत होता.

या चार वर्षांत त्याने काय केले, हे इतिहासकार ग्रँट डफला समजून घेण्यासाठी फार महत्त्वाचे आहे. विजेत्यांनी मुलूख घेतला खरा, पण मुलूख म्हणजे नुसती जमीन नव्हे. प्रत्येक गावावर कोणाचा तरी पाटीलकीचा हक्क, कोणाची देशमुखी, कोणाचे इनाम, कोणाचा मोकासा, कोणाची बाबती. पेशवाईच्या अखेरच्या काळात यांतील निम्म्यांची जप्ती झालेली, उरलेल्यांवर दोन-दोन तीन-तीन दावेदार. भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख मिऱ्या, या सहा जहागीरदारांशी १८२० साली स्वतंत्र करार ग्रँटनेच केले. लहानसहान इनामदारांची व वतनदारांची तर गणतीच नव्हती. हक्क शाबीत करावयाचा तर कागद दाखवा, हा नियम. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तळघरांत आणि माळ्यांवर पडलेले रुमाल बाहेर निघाले आणि कॅप्टनसाहेबाच्या कचेरीत येऊ लागले. सनदा, महजर, वंशावळी, बखरी. कित्येकांनी ते अभिमानाने दाखविले असतील, कित्येकांनी पोटासाठी. त्या कागदांतून हक्कांचा निवाडा करता करता ग्रँटच्या लक्षात आले की, हे सर्व एकत्र जुळविले तर एका राष्ट्राचा इतिहास होतो आणि तो कोणी लिहिलेला नाही.

त्याने मग हे काम अंगावर घेतले ते खऱ्या अर्थाने झपाटल्याप्रमाणे. सरकारी काम रोज बारा-बारा तासांचे. इतिहासासाठी रात्र. त्याला तीव्र डोकेदुखी जडली. दर चौथ्या दिवशी ती उठे आणि कधी सहा, कधी सोळा तास टिके. ओला फडका डोक्याला गुंडाळून तो लिहीत बसे, असे त्यानेच प्रस्तावनेत नमूद केले आहे. साताऱ्याच्या राजघराण्याचे कागद महाराजांनी त्याला खुले केले. मल्हार रामराव चिटणिसांनी लिहिलेली बखर व सभासदाची बखर त्याने वापरली. पुण्याचे पेशवे दप्तर आता कंपनीच्या ताब्यात असल्याने तेही उपलब्ध झाले. खाफीखानासारख्या फारसी तवारिखा होत्या. सुरत आणि मुंबई येथील इंग्रज वखारींचे कागद होते. गोमंतकीय वाचकांना सांगण्याजोगी गोष्ट ही की, गोव्याच्या पोर्तुगीज सरकारच्या दप्तरातील उतारेही त्याने मिळविले होते. मराठ्यांचा इतिहास मराठी, फारसी, इंग्रजी आणि पोर्तुगीज अशा चारही भाषांतील कागद एकत्र ठेवून लिहावा लागतो, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. तिचा पहिला पाठ या माणसाने घालून दिला.

त्याच्या ग्रंथातील सर्वांत टिकाऊ भाग मला विचाराल तर लढायांची वर्णने नव्हेत. तो भाग म्हणजे जमीनमहसुलाचे व वतनसंस्थेचे विवेचन. आरंभीच्याच प्रकरणात तो गावगाडा सांगतो : पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, देशमुख, देशपांडे, वंशपरंपरा हक्काने जमीन कसणारा मिरासदार आणि बाहेरून येऊन ठरावाने कसणारा उपरी. आणि पुढे १७१९ च्या सनदांपाशी आल्यावर तो चौथाईच्या वाटणीचा जो उलगडा करतो, तो आपण परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मंडळींनी तर अवश्य वाचावा, कारण आपली बहुतेकांची घरे त्या हिशेबातूनच स्थलांतरित झाली आहेत.

बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बेदर, हैदराबाद आणि विजापूर हे ते सहा सुभे. सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. ती छत्रपतींची वतनी बाब. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. या चौथाईचे पुन्हा शंभर भाग कल्पावेत. त्यांतील पंचवीस भाग राजबाबती म्हणून छत्रपतींकडे. सहा भाग साहोत्रा, तो पंतसचिवांस. तीन भाग नाडगौडा, तो राजाच्या मर्जीने वाटावयाचा. उरलेले सहासष्ट भाग म्हणजे मोकासा, तो फौज बाळगणाऱ्या सरदारांस. एवढ्यावर भागले असते तर हिशेब सोपा होता. परंतु एकाच परगण्यातील मोकासा एका सरदाराकडे, साहोत्रा दुसऱ्याकडे, बाबती तिसऱ्याकडे आणि सरदेशमुखी वसूल करणारा अंमलदार चौथ्याचा, अशी मुद्दाम गुंतवणूक होती. प्रत्येकाच्या मुलखात दुसऱ्या कोणाचा तरी वाटा. म्हणून कोणी एकटा सगळ्यांपासून तुटून निघू नये, आणि मुलूख वाढला की सर्वांचाच वाटा वाढावा.

या व्यवस्थेने मराठी माणसांना किती दूर नेले ते पाहा. वसुलीला सरदार गेला की त्याच्याबरोबर फडणीस गेला, मुजुमदार गेला, पोतनीस गेला, भिक्षुक गेला, आचारी गेला. दक्षिणेत सुरू झालेली ही रीत दाभाडे व गायकवाड यांच्याबरोबर गुजराथेत गेली, शिंदे-होळकर-पवारांबरोबर माळव्यात गेली. वाड्याच्या भोवती पेठ वसली, पेठेत गणपतीचे देऊळ उभे राहिले आणि चार पिढ्यांनी गुजराथी किंवा माळवी बोलणारी नातवंडे घरात मराठी शुद्ध बोलावे म्हणून रागावून घेऊ लागली. ग्रँट डफला हे सांगावयाचे नव्हते. त्याला हिशेब समजावून द्यावयाचा होता. पण तो हिशेब त्याने ज्या स्वच्छपणे मांडला तसा त्यापूर्वी कोणी मांडलेला नव्हता. त्याला हे जमले याचे कारण उघड आहे. जहागीरदारांचे करार करताना हीच गुंतवळ त्याने हाताने सोडविली होती. या गुंतागुंतीमुळे हिशेब जाणणाऱ्या ब्राह्मण कारभाऱ्यांचे महत्त्व वाढले, असा शेराही तो मारतो. त्यात साहेबी कुत्सितपणा आहे. तो पूर्णपणे खोटा आहे, असे मात्र म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजू. ज्याला सगळे राज्य हक्कांच्या कागदांतून दिसते, त्याला त्या राज्याच्या मुळाशी असलेली प्रेरणा दिसतच नाही. सह्याद्रीच्या रानातले वाळलेले गवत अकस्मात पेटावे आणि वणवा दूरदूर पसरावा, तसा मराठ्यांचा उदय त्याने कल्पिला. वणव्याला हेतू नसतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात नेमका याच कल्पनेला विरोध केला आणि संतांच्या कार्यापासून समाजात जी तयारी चालली होती तिच्याकडे बोट दाखविले. ग्रँट डफच्या साताऱ्याहून पंढरपूर दूर नव्हते. किंबहुना ते त्याच्याच कारभाराखालील टापूत होते. दर आषाढीला दिंड्या त्याच्या कचेरीवरून गेल्या असतील. परंतु त्या दिंड्यांना सनद नव्हती, म्हणून त्याच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली नाही. अफजलखानाच्या प्रसंगी शिवाजीमहाराजांना त्याने सरळ विश्वासघाताचा दोष दिला. त्यांची जन्मतिथी त्याने १६२७ ची मानली, ती चुकली. सामान्य रयत कशी राहत होती, काय खात होती, कशावर श्रद्धा ठेवीत होती, याविषयी तीन खंडांत फारच थोडे आहे.

प्रकृती ढासळल्याने ग्रँट मायदेशी परतला व तेथे त्याने ग्रंथ पुरा केला. लंडनच्या एका नामांकित प्रकाशकाने त्याला ग्रंथाचे नाव बदलण्यास सुचविले, अशी आठवण सांगितली जाते. मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय असे काहीसे नाव दिल्यास पुस्तक खपेल, मराठ्यांविषयी कोणाला माहिती आहे, असा त्याचा मुद्दा. कोणाला माहिती नाही म्हणूनच तर ग्रंथ लिहिला, अशा अर्थाचे उत्तर देऊन ग्रँटने नाव बदलण्यास साफ नकार दिला. १८२६ साली लाँगमन यांनी तो तीन खंडांत काढला आणि त्या व्यवहारात लेखकाला पदरची मोठी रक्कम खर्चावी लागली. त्याचे सगळे दोष जमेस धरूनही या एका नकाराबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षी, १८२५ साली, त्याच्या आयुष्यात दोन गोष्टी घडल्या. आईच्या घराण्याची इडनची जहागीर त्याच्याकडे आली व त्या वारशाबरोबर त्याने डफ हे आडनाव जोडून घेतले. आणि हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवर ग्रंथ लिहिणारे डॉक्टर व्हाइटलॉ एन्स्ली यांच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. पुढे १८५० च्या सुमारास पत्नीकडून आणखी एक मालमत्ता आली, तेव्हा कनिंगहॅम हे नावही चढले. म्हणजे आपण ज्या लांबलचक नावाने त्याला ओळखतो, ते नावच मुळी त्याच्या जमिनींचा उतारा आहे!

स्कॉटलंडच्या त्या ईशान्य भागात हा काळ शेतीसुधारणेचा होता. खडकाळ, दलदलीची पडीक जमीन साफ करावयाची, निघालेल्या दगडांचे बांध घालावयाचे, पाण्याचा निचरा करावयाचा, चुना घालून माती गोडी करावयाची, ओट व बार्लीच्या आळीपाळीने सलगमाचे पीक घ्यावयाचे आणि ते सलगम हिवाळ्यात गुरांना घालून ती पोसावयाची. आगगाडी आल्यावर या भागातील मांस लंडनच्या बाजारात जाऊ लागले. १८४६ साली परदेशी धान्यावरील जकात उठल्यावर धान्यापेक्षा गुरांवर भर देणे या भागाला सोयीचेच ठरले. या सगळ्या उलाढालीत ग्रँट डफ आपल्या मालमत्तेत रमला. एक विरोधाभास मात्र नजरेआड करता येत नाही. मिरासदाराच्या वंशपरंपरागत हक्काचे इतके बारकाईने वर्णन करणारा हा मनुष्य ज्या देशात जमीनदार झाला, तेथील कुळे प्रायः एकोणीस वर्षांच्या पट्ट्याने जमीन कसत. मुदत संपली की हक्क संपला. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ती सर्व कुळे उपरीच होती.

राजकारण त्याने स्वतः सोडले, पण ते घरातून गेले नाही. थोरल्या मुलाचे नाव त्याने आपल्या गुरूवरून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन असे ठेवले. हा मुलगा १८५७ साली, म्हणजे बंडाच्याच वर्षी, पार्लमेंटात निवडून आला, पुढे हिंदुस्थान खात्याचा उपमंत्री झाला आणि १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता.

इडनच्या शेतांत निचऱ्याचे चर खणले जात असता इकडे साताऱ्यात काय होत होते? प्रतापसिंह महाराजांनी राज्य हाती आल्यावर रस्ते केले, शहराला पाणी आणले, छापखाना काढला. १८३९ साली कंपनीने त्यांच्यावर कटाचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत केले व काशीस पाठविले. तेथेच १८४७ साली ते निवर्तले. त्यांची बाजू मांडावयास गेलेले रंगो बापूजी गुप्ते वर्षानुवर्षे लंडनमध्ये सभा, पत्रके आणि अर्ज यांत झिजले आणि १८५३ साली रिकाम्या हाताने परतले. गादीवर बसविलेले शहाजीराजे १८४८ साली वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. १८५७ साली रंगो बापूजींच्या मुलाला साताऱ्यास फाशी दिले. ज्या राज्याचे करार ग्रँटने स्वतःच्या हाताने लिहिले, ते त्याच्या डोळ्यांदेखत निकालात निघाले. भोर, औंध, फलटण, जत, अक्कलकोट या त्याने बांधून दिलेल्या जहागिरी मात्र संस्थाने होऊन १९४८ पर्यंत टिकल्या. छत्रपतींपेक्षा त्यांचे जहागीरदार शंभर वर्षे अधिक जगले!

ग्रंथाचे मराठीकरण लवकरच झाले. कॅप्टन डेव्हिड कॅपन आणि बाबा साने यांनी केलेले भाषांतर १८३० च्या सुमारास ‘मराठ्यांची बखर’ या नावाने निघाले व शाळांतून चालू लागले. आपल्या पूर्वजांचा इतिहास साहेबाच्या पुस्तकाच्या भाषांतरावरून शिकण्याची ही पाळी एकदोन पिढ्यांनी निमूटपणे सोसली. १८६७-६८ च्या सुमारास ऐन विशीतल्या नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफच्या बखरीवर टीका लिहिली व ती ‘विविधज्ञानविस्तारा’त आली. तेथून मंडळी जागी झाली. १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनी दप्तर चाळू लागले. १८९८ साली राजवाडे यांचा पहिला खंड आला आणि त्याच्या प्रस्तावनेत ग्रँट डफची झाडाझडती झाली. साताऱ्यास पारसनीस यांनी कागद आणि चित्रे जमविली. पेशवे दप्तर सामान्य अभ्यासकाला बंदच होते. त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग सरदेसाई यांच्या हातून १९३० ते १९३४ या काळात बाहेर पडले.

या भांडणातच तो जाळपोळीचा आरोप आला. ग्रँट डफने आधारासाठी वापरलेल्या हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे आपल्या टिपांत वारंवार सांगितले आहे. पुढे शोधू जाता त्या सापडेनात. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारख्या साक्षेपी अभ्यासकालाही त्या मिळाल्या नाहीत. मग त्याने कागद घेतले, इतिहास लिहिला आणि कागद जाळले, असे बोलले जाऊ लागले. अजूनही सभांतून हे ऐकू येते. मला हा आरोप पटत नाही. ज्याला पुरावा नाहीसा करावयाचा आहे तो स्वखर्चाने नकला करून त्या सार्वजनिक संस्थेत ठेवीत नाही, आणि पानोपानी वाचकाला तिकडे बोट दाखवीत नाही. शिवाय त्या नकला होत्या. चिटणिसांची बखर, सभासदाची बखर व इतर कित्येक कागद आपापल्या जागी राहिले व पुढे छापले गेले. संस्थेच्या कपाटांतून कागद गहाळ होण्यासाठी कोणा साहेबाच्या कारस्थानाची गरज असते, असे ज्यांनी एखाद्या ग्रंथसंग्रहालयाची व्यवस्था पाहिली आहे त्यांना तरी वाटणार नाही.

ग्रँट डफच्या नजरेतून जे सुटले, ते बहुधा कोणाच्या तरी घरीच राहिले होते. याचे उत्तम उदाहरण जेधे शकावलीचे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात ही शकावली पिढ्यान्‌पिढ्या जपलेली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली प्रसिद्ध झाली. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, असे तीत होते. नव्वद वर्षे चालत आलेले ग्रँट डफचे १६२७ हे साल एका देशमुखाच्या घरातील कागदाने डळमळीत केले. हा कागद कॅप्टनसाहेबाच्या कचेरीत कधी गेलाच नव्हता असे दिसते, कारण त्यावर कोणाचे वतन अवलंबून नव्हते.

हे लिहिताना आमच्या घरातील रुमालाची आठवण होते. आमचे पूर्वज वाई प्रांतातून गायकवाडीत आले. मूळ कागद काही आणले, काही तिकडेच राहिले. बडोद्याच्या जुन्या घराच्या माळ्यावर तीन रुमाल होते असे आत्या सांगत. त्यांतील एक पावसात भिजून गेला, दुसरा घर विकताना कोणाच्या लक्षातच राहिला नाही. तिसरा आमच्याकडे आहे. घरात मोडी कोणालाच येत नव्हती. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध मोडीवाचकांना तो दाखविला. पहिल्या बंदात कुळकर्णीपणाच्या हिश्श्यावरून दोन भावांचे भांडण निघाले, दुसऱ्यात सात आंब्यांच्या झाडांची वाटणी. तिसरे पत्र मोकाशाच्या बाकीसंबंधी आहे. त्यात रकमेखाली कोणीतरी वेगळ्या हाताने, वसूल येईतो मुलांस इकडे आणू नये, असे लिहिले आहे. त्याखालचे बंद एकमेकांस चिकटले आहेत. ते सोडविण्यासाठी जाणकार माणसाचा शोध चालू आहे.